चाळीस वर्षांचा ऐवज

सोमवार

बाटली एवढीशी होती. रुंद तोंडाची, पांढऱ्या बुचाची. अंजनानं ती भाकरीच्या ताटाशेजारी ठेवली तेव्हा सयाजीला वाटलं, लोणच्याचा काही नवा प्रकार असेल.

"काय हाय ह्यात?"

"काय न्हाई. तुमी भरायची हाय."

सयाजी पैलवान. वय अठ्ठावीस, मान डोक्याएवढीच रुंद. उंब्रजच्या आसपास त्याच्याशी जोड लावायला आता कुणी धजत नव्हतं. घास हातातच राहिला, कारण अंजना ही बाटली कुठून घेऊन आली ते त्याला ठाऊक होतं. साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून सांगितलं होतं, तुझ्यात काही खोट नाही, आता नवऱ्याचं बघू. बघायचं म्हणजे काय, तेही सांगितलं होतं. ते ऐकून अंजना लाजली नव्हती. लाजायचे तिचे दिवस सरले होते.

"चार वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "आत्याबाई म्हनल्या म्हनून एकवीस मंगळवार केलं. अंगारा इतका खाल्ला की पोटात चूल हाय का काय असं वाटाय लागलं. काढं प्याले. वडगावच्या म्हातारीनं पोट चोळलं, तवा तीन दिवस उठता आलं न्हाई. आता एवढी बाटली ऱ्हायलीया. ती काय मला भरता येत न्हाई."

"रविवारी औंधाला कुस्ती हाय."

"मंग?"

"मंग म्हंजे... कुस्तीच्या आदी..."

पुढचं बोलणं तालमीत सोपं होतं, चुलीपुढं अवघड.

"शुक्रवारी बा येनार हाय," अंजना म्हणाली. "तवर तपासनीचा कागद आला तर बगू. न्हाई तर म्या बाच्या संगं जाते. परत यायची न्हाई. मंग आत्याबाईंनी दुसरी आनावी खुशाल. बगून ठेवलीच हाय."

सयाजीच्या आईनं, लीलाबाईनं, औंधाकडची एक पोरगी खरंच बघून ठेवली होती. "नुसती बगितलीया," असं ती म्हणे. म्हैस घ्यायच्या आधीही ती असंच म्हणायची.

सयाजीनं बाटलीकडं पाहिलं. समोरचा गडी किती दमाचा आहे याचा अंदाज घ्यावा तसं. गडी लहान होता, पण पकड कुठं घ्यायची तेच कळत नव्हतं.


तालमीच्या भिंतीवर, गेरूनं

१. पहाटे चारला उठणे.
२. मातीच्या हौद्यात चप्पल घालून येणाऱ्याने हजार बैठका काढणे.
३. वस्तादांशी खोटे बोलू नये.
४. लंगोट पक्का ठेवणे.
५. नियम चार मोडल्यास बाकीचे नियम पाळून उपयोग नाही.


मंगळवार

वस्ताद हंबीरराव यांनी बाटली उन्हात धरून पाहिली. मग सयाजीकडं पाहिलं. मग पुन्हा बाटलीकडं.

"ह्यात?"

"व्हय."

"कुस्ती पाच दिसांवर आल्यावर?"

"व्हय."

वस्ताद हौद्याच्या कडेला बसले. त्यांचं वय अठ्ठावन्न. लग्न केलेलं नाही. अठराव्या वर्षी सांगलीच्या तालमीत त्यांनी मारुतीच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली होती आणि ती आजवर पाळली होती. त्यांचं शास्त्र साधं होतं. चाळीस घास अन्नाचा एक थेंब रक्त. चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब धातू. माणूस म्हणजे हा धातू, बाकी सगळं टरफल. धातू राहिला की डोळ्यांत तेज येतं, मांडीत बळ येतं, आवाज घुमतो. गेला की गडी चिपाडासारखा. धातूला ते एरवी ऐवज म्हणत.

"कोयनेचं धरान माज्या डोळ्यांदेखत बांदलं," ते पोरांना सांगत. "त्येला बी दरवाजं ठेवावं लागलं. हितं दरवाजाच न्हाई."

या शास्त्रापायी सयाजीचं अंथरूण लग्नानंतर पाचव्या दिवशी तालमीत आलं होतं. दिवाळी ते अक्षय्य तृतीया जत्रांचा हंगाम, तेव्हा घरी जायचा प्रश्नच नव्हता. पावसाळ्यात शरीर कमवायचं, तेव्हाही नव्हता. दसऱ्यापासून तर तयारीच सुरू. वस्ताद वर्षातून एकदाच सयाजीला मागं ठेवून गाव सोडायचे, भाऊबीजेला, सांगलीच्या बहिणीकडं. ते दोन दिवस सयाजी दाढी करून, मिशीला पीळ देऊन घरी जायचा.

आणि भाऊबीजेला अंजना कुठं असायची? भावाकडं.

असं चार वर्षं झालं. लीलाबाई दरवर्षी त्याला करंज्या वाढायची आणि म्हणायची, "देव कवा डोळं उघडतोय कुनास ठावं."

"बायकू जातीया म्हनतोस?" वस्तादांनी विचारलं.

"शुक्रवारी."

वस्तादांनी बाटलीचं बूच काढलं, पुन्हा लावलं. ते कठोर होते, पण वाईट नव्हते. शेवटी म्हणाले, "चल. त्या डाक्टराशी म्याच बोलतो. समजूतदार असला तर दोन थेंबांत भागवंल."


बुधवार, सातारा

तपासणीच्या खोलीत एक डॉक्टर फक्त सही करायला होते. बाकी सगळं नाथाजी बघे. नाथाजी पलटणीतल्या दवाखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. भिंतीवर लाल त्रिकोणाची पाटी होती, दोन किंवा तीन पुरे. सयाजी नेमका तिच्याखाली बसला आणि मग उठून दुसऱ्या बाकावर गेला.

नाथाजीनं फॉर्म पुढं ओढला.

नाव: सयाजी.
वय: अठ्ठावीस.
धंदा: पैलवान. (नाथाजीनं मान वर करून छातीचा घेर डोळ्यांनी मोजला.)
व्यसन: नाही.
लग्नाला वर्षे: चार.
सहवास, आठवड्यातून किती वेळा:

"वर्सातनं सांगितलं तर चालंल का?" सयाजीनं विचारलं.

"चालेल. किती?"

सयाजीनं बोटं मोजली. लग्नानंतरच्या चार राती. एकदा बेंदराला वस्ताद तापानं फणफणले होते, ती एक.

"पाच."

"वर्षातनं पाच?"

"समदी मिळून पाच."

नाथाजीनं पेन खाली ठेवलं. "मंग लेकरू काय पोस्टानं यायचंय? गड्या, आमी काश्मीरात होतो तरी ह्याच्यापेक्षा जास्त वेळा घरी आलो."

"त्यो परस्न न्हाई," वस्ताद मधे पडले. "ते शिस्तीचं हाय. तुमी फकस्त एवढं सांगा, किती लागतंय?"

"किती म्हंजे?"

"दोन थेंबांत भागंल का?"

"सगळं लागतं."

"समदं?"

"जेवढं निघंल तेवढं. फौरन आणून द्यायचं. तासाभरात रिपोर्ट."

वस्तादांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी तोडगे सुचवायला सुरुवात केली. रगत घ्या, पाहिजे तेवढं घ्या. घाम घ्या, पोरगा हितंच दोन हजार जोर काढंल. नाथाजी ढिम्म हलला नाही. मागच्या बाजूला एक खोली दाखवून म्हणाला, "कडी आतनं लावा. खिडकीतनं भाजीवाल्या दिसतात, तिकडं बगू नका."

खोलीच्या दारात सयाजी उभा राहिला. हातात बाटली. रविवारचा फड त्याला दिसत होता. हलगी, माणसांचं कडं, समोरचा सांगलीचा गडी. आणि त्याच्या पलीकडं, पिशवी भरून उंबऱ्यात उभी असलेली अंजनाही दिसत होती. एक पाय तो खोलीत टाकायचा, एक मागं घ्यायचा.

"आन हिकडं," वस्ताद म्हणाले.

"काय?"

"बाटली. तुजं रविवारी कामाचं हाय. माजं आता कशाला राखायचं? माजी शेवटली कुस्ती होऊन बी वीस वर्सं झाली." त्यांनी बाटली घेतली. चेहरा असा, जणू देवाचं दान सोडायला चाललेत. "आन कागदावर तुजंच नाव ऱ्हानार. चाळीस वर्सांचा ऐवज हाय सया. त्या यंत्राचं डोळं दिपत्याल."

"पर वस्ताद, त्ये..."

"ज्यानं दूध-तूप पाजून वाढवला, त्येचा आन तुजा ऐवज काय येगळा हाय व्हय?"

कडी लागली.

आता बाहेरचं वर्णन. पहिली पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटं झाली. रांगेतला एक म्हातारा दारावर थाप मारून गेला. पंधराव्या मिनिटाला आतून "बजरंगबली" असा दबका आवाज आला. विसाव्या मिनिटाला नाथाजी ओरडला, "पैलवान, आत कुस्ती लागली का काय?" पैलवान बाहेरच उभा होता, भिंतीकडं तोंड करून, कुणी बघितलं तर ओळखू नये म्हणून. पंचविसाव्या मिनिटाला कडी निघाली. हंबीरराव बाहेर आले. कपाळावर घाम, मिशी खाली आलेली. बाटली उपरण्यात झाकलेली. त्यांनी ती सयाजीच्या हातात दिली, सयाजीनं नाथाजीच्या. नाथाजी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं रक्त काढत होता. त्यानं कोण आत गेलं नि कोण बाहेर आलं, काही पाहिलं नाही.

"म्या जरा भाईर बसतो," वस्ताद म्हणाले. "चक्कर आल्यावानी वाटतंय. बगितलंस? हेच म्या सांगत हुतो."


यंत्रात

तासाभरानं नाथाजीनं सयाजीला आत बोलावलं. आवाज खाली आला होता. "हितं डोळा लाव."

सयाजीनं लावला. गोल उजेड दिसला.

"काय दिसतंय?"

"गोल हाय."

"त्या गोलात काय दिसतंय?"

"काय न्हाई."

"हां," नाथाजी म्हणाला. "तिथं लाखांनी पाहिजेत. शेपटीवाले. एकमेकांच्या अंगावर पडणारे. जत्रा दिसायला पाहिजे रं, जत्रा."

सयाजीनं पुन्हा पाहिलं. सारवून, पाणी मारून ठेवलेला आखाडा, आणि एकही गडी उतरलेला नाही. खिडकीतून त्याला बाहेरच्या पायरीवर बसलेले वस्ताद दिसले. चहाची बशी हातात, छाती पुढं.

"लहानपणी गालगुंडं झालेली का? मोठेपणी झाली की असं होतं कदी कदी. आतनं सगळं वाळतं. अंगावर काय दिसत न्हाई."

सयाजीनं खिडकीतून हाक मारली. "वस्ताद, गालगुंडं?"

"अठराव्या वर्सी!" वस्ताद ओरडले. "सांगलीच्या तालमीत! दोनी गाल भोपळ्यावानी! आन खाली बी सुजलं हुतं, चुना लावला!"

घरातलं वडीलधारं माणूस सांगतंय म्हटल्यावर नाथाजीनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. डॉक्टरांनी न वाचता सही केली. कागदाची घडी करून देताना नाथाजीनं सयाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नगंस. आमच्या पलटणीत एक सुभेदार होता, वाघासारखा. त्येलाबी असंच."

बाहेर वस्ताद उठून उभे राहिले. "काय म्हनला? किती निगाली?"

तालमीच्या भिंतीवरून नियम तीन थेट साताऱ्यापर्यंत सयाजीकडं बघत होता. वस्तादांचे डोळेही बघत होते. परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोराचे असतात तसे.

"लय निगाली," सयाजी म्हणाला. "मोजता येईनात."

वस्तादांनी मिशीवरून दोनदा हात फिरवला. एसटीत सबंध वाटभर ते खिडकीतून बाहेर बघत मधूनच हसत होते.


गुरुवार

चूक सयाजीला सकाळी कळली. तोवर वस्तादांनी गावभर सांगितलं होतं, "सयाचा कागद आला. यंत्रात मावंनात! मोजणारा दमला!" सांगताना ते सयाजीचं नाव घेत, पण छाती स्वतःची फुगे. पारावर दोघातिघांनी सयाजीला राम राम घातला. एरवीच्या राम रामापेक्षा तो वजनदार होता.

मग गावानं पुढचा हिशोब केला. गड्यात खोट नाही, तर खोट कुणात?

लीलाबाईनं तो हिशोब अंजनाला चुलीपुढंच ऐकवला. "डाक्टरीन काय सांगती? बाईची जात बाईलाच राखनार. उद्या तुजा बा येतूयाच. बरं झालं, मला निरोप धाडाय नगं."

अंजनानं सयाजीला परसात गाठलं. "कागद कुटं हाय?"

"हाय."

"दावा."

"वस्तादांकडं हाय," सयाजी खोटं बोलला. कागद त्याच्या फेट्याच्या घडीत होता. अंजनानं त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि ती पिशवी भरायला आत गेली.

त्या दिवशी सयाजी जोर काढायला उतरला आणि तीनशेला आकडा विसरला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा विसरला. डोक्यात एकच घोळत होतं. वस्तादांच्या अंगात एकही नव्हता. अठराव्या वर्षापासून नव्हता. मग विसाव्या वर्षी सांगलीत त्या कर्नाटकातल्या हत्तीएवढ्या गड्याला त्यांनी उचलून टाकला, तो कशाच्या बळावर? आणि पुढच्या साठ-सत्तर कुस्त्या? ऐवज नव्हताच, तर तेज कशाचं होतं? मांडीत काय होतं? आणि आपण चार वर्षं तालमीत झोपून राखतोय, ते नेमकं काय?

कागद दाखवावा तर वस्ताद मरतात. न दाखवावा तर अंजना जाते. आपलाच म्हणून दाखवावा तर...

तर औंधाच्या फडात पाच हजार माणूस टाळ्या वाजवून विचारणार, काय पैलवान, यंत्रात काय दिसलं?

सयाजी मातीत बसला. एवढा अवघड पेच त्याला कुठल्या गड्यानं घातला नव्हता.


शुक्रवार

ज्योतिबा दुपारी आला. अंजनाचा बाप. बारीक माणूस, हातात छत्री. लीलाबाईनं त्याला पाणी दिलं आणि तांब्या खाली ठेवायच्या आत सांगितलं, "घिऊन जावा तुमची लेक. आमच्या पोराचा कागद आलाय."

साक्षीला वस्तादांना बोलावलं होतं. ते घोंगडीवर मांडी ठोकून बसले होते. "कागद म्या बगितला न्हाई, पर त्यातला शबुद न् शबुद मला ठावं हाय," ते म्हणाले. "मोजता येईनात, असा कागद हाय."

ज्योतिबानं मान खाली घातली. लेकीचा बाप, काय बोलणार? छत्रीची मूठ चोळत म्हणाला, "चल अंजे."

अंजनानं पिशवी उचलली. सयाजीकडं बघितलं नाही. उंबऱ्यापर्यंत गेली.

"थांब," सयाजी म्हणाला.

त्यानं फेटा उतरवला. घडीतून कागद काढला आणि तिच्या हातात दिला. "वाच. मोठ्यानं वाच. माजाच हाय."

अंजना सातवी झालेली होती. तिनं पिशवी खाली ठेवली. "शुक्रजंतू," तिनं वाचलं आणि थांबली. "आढळले नाहीत."

"म्हंजे?" लीलाबाईनं विचारलं.

"म्हंजे एक बी न्हाई, आय," सयाजी म्हणाला. "खोट माज्यात हाय. हिच्यात न्हाई. आता कुनी हिला अंगारा देऊ नगा."

लीलाबाई भिंतीला टेकून खाली बसली. ज्योतिबाला काय करावं सुचेना, त्यानं छत्री उघडली आणि मिटली. वस्तादांनी मिशीवरचा हात खाली घेतला.

अंजना मात्र पुढं वाचत होती. ती कुठलीही गोष्ट अर्धी सोडत नसे.

"गालगुंडं," तिनं वाचलं. "अठराव्या वर्षी. सांगलीच्या तालमीत." तिनं मान वर केली. "आवं, तुमी कवा गेला हुता सांगलीच्या तालमीत?"

सयाजी फेटा पुन्हा गुंडाळू लागला.

"तुमी तर ह्या गावाभाईर कुटं शिकलाच न्हाई. सांगलीच्या तालमीत हितनं एकच..."

ती थांबली, पण उशीर झाला होता. सगळ्यांच्या माना घोंगडीकडं वळल्या.

हंबीरराव म्हणाले, "बाटली माजी हाय."

"तुमची?" लीलाबाई किंचाळली. "माज्या पोराच्या लेकरासाठी तुमची बाटली?"

"त्येचं वाया जाऊ ने म्हनून."

"आन तुमचं?"

"माजं..." वस्तादांनी अंजनापुढं हात केला. "पोरी, पुन्ना वाच. नीट वाच. एक बी न्हाई?"

अंजनाचा आवाज आता हळू झाला होता. "एक बी न्हाई, वस्ताद."

बाहेर कोंबडी ओरडत होती. वस्ताद स्वतःच्या दंडाकडं बघत होते, परक्याचा असल्यासारखं.

"मंग त्यो कर्नाटकातला गडी," ते शेवटी म्हणाले. "त्यो म्या कशानं पाडला?"

"डावानं, वस्ताद," सयाजी म्हणाला. "धोबीपछाडीनं पाडला. तुमीच दावलाय की आमाला, शंबर येळा."

वस्तादांनी विचार केला. डोळे मिटून तो डाव एकदा मनात करून पाहिला असावा, कारण उजवा खांदा किंचित हलला.

"बसला मातूर झ्याक हुता," ते म्हणाले.

"आन वस्ताद," ज्योतिबा भीत भीत बोलला, "एवडी वर्सं राखलं, त्ये..."

"रिकामं राखाय बी ताकद लागतीच की, पाव्हणं." मग ते अंजनाकडं वळले. "पर लगीन केलं न्हाई त्ये बरं झालं. कुनाची तरी पोरगी माज्यापायी अंगारं खात बसली असती. मंगळवार धरले असते तिनं. पोट चोळून घेतलं असतं."

अंजनानं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते सयाजीला कळलं नाही.

"मंग आता माज्या लेकीचं काय?" ज्योतिबानं विचारलं. "न्हेऊ का ठेवू?"

"बा, च्या घे आन जा," अंजना म्हणाली. "पिशवी हितंच ऱ्हाऊ दे. पर माजी एक गोष्ट हाय. तालमीत झोपनारा नवरा मला नगं. अंगारा बी नगं, बाटली बी नगं. आदी मानूस घरात पायजे."

सगळ्यांनी वस्तादांकडं पाहिलं. चाळीस वर्षांत गावातल्या कुणी त्यांना नियम बदलायला लावला नव्हता. ते उठले, उपरणं झटकलं.

"सया, अंथरून उचल तालमीतनं."

"वस्ताद, रविवारी कुस्ती हाय."

"रविवारी डाव हायत की. शनवारी जोर काढू नगंस म्हंजे झालं." दारात जाऊन ते थांबले. "आन औंधात कुनी कागदाचं इचारलं, तर माजं नाव सांग. म्हनावं, या कुस्तीला."

सयाजी भर दुपारी तालमीत गेला. वळकटी खांद्यावर घेतली आणि गावाच्या मधून चालत आला. पारावरच्यांनी बघितलं. त्यानं खाली मान घातली नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. उंबऱ्याशी अंजना उभी होती. तिनं वळकटी घेतली, वास घेतला आणि नाक मुरडलं.

"ही उन्हात टाकते. तुमी आंगूळ करा आदी. चार वर्सांचं तेल हाय अंगाला."

"पर रविवारी..." सयाजी पुटपुटला.

"आज शुक्रवार हाय," अंजना म्हणाली, आणि बंबात लाकूड सारायला गेली.